फोटोपुरती वाळू

वाळूत हात घालून दाखवायची हौस माझीच. कंपनीने पुण्याहून पाठवलेल्या इंजिनियर मॅडम केबलीच्या खंदकाच्या काठावर उभ्या होत्या, हातात मी सही करायचा तपासणीचा दाखला होता, आणि मला त्यांच्यासमोर जरा वडीलकी गाजवायची होती. "वाळू नुसती डोळ्यांनी बघायची नसते मॅडम, हाताने बघायची असते. चाळलेल्या पिठासारखी लागली पाहिजे," असं म्हणून मी खंदकात उतरलो, गुडघ्यांवर बसलो, बाही वर सारली आणि हात खुपसला. वरची चार बोटं वाळू होती. तिच्याखाली काहीतरी मऊ, जड आणि कोमट लागलं. शहाण्या माणसाने तिथेच हात मागे घेतला असता. मी ते घट्ट पकडलं आणि बाहेर ओढलं. लहान मुलाचा डायपर होता. वापरलेला.

मॅडमनी ओढणी नाकाला लावली. पलीकडच्या काठावर फावड्यावर रेलून उभा असलेला गडी मात्र शांत होता. पाहुण्याला कुठली पायरी निसरडी आहे ते सांगावं, तितक्या आपुलकीने तो म्हणाला, "साहेब, तितं कशाला हात घातलाव? फोटूची जागा त्या खुंटीपाशी हाय. वाळू तितं चांगली हाय."

हे वाक्य मला लगेच कळलं नाही. आधी तो डायपर कुठे टाकायचा हाच प्रश्न होता. वर फेकावा तर मॅडम उभ्या. खाली टाकावा तर तिथे माझीच केबल.

माझीच म्हणतो, कारण ती मी कागदावर आखली होती. पवनचक्क्यांच्या केबलींची आखणी करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आमच्या नातेवाइकांत याचं भाषांतर 'पंख्यांचं काही तरी करतो' असं झालं आहे, आणि त्या नात्याने मी आजवर तीन मामेसासऱ्यांच्या छताचे पंखे दुरुस्त करायला गेलो आहे आणि तिन्ही बिघडवून आलो आहे. खरं काम सांगायला सोपं आहे. सड्यावर, म्हणजे गावामागच्या उघड्या पठारावर, आठ चक्क्या उभ्या आहेत. प्रत्येक आपापली वीज करते. ही आठ ठिकाणची वीज एकत्र करून खालच्या उपकेंद्रापर्यंत आणायची, म्हणजे एका चक्कीची केबल दुसरीला, दुसरीची तिसरीला, अशी गजऱ्यासारखी ओवत यायची. जमिनीखालून. चक्की लोकांना दिसते, तिच्यासमोर उभं राहून लोक सेल्फी काढतात. केबलीसमोर कुणी उभं राहत नाही. माझं सगळं आयुष्य असं जमिनीखाली गेलेलं आहे.

या केबलीची एकच गोष्ट लक्षात ठेवायची. वीज वाहू लागली की ती तापते. तांबं घ्यायचं की ॲल्युमिनियम, आणि किती जाड, हे निम्मं गणित तर ती उष्णता कुठे जाणार याचंच असतं. आमचा सडा जांभ्याचा. पावसाळ्यात ओला गच्च, वैशाखात तव्यासारखा. मी तिथली माती दोन्ही ऋतूंत तपासून घेतली होती. केबलीच्या खाली वाळू, वर वाळू, मध्ये तीन केबली, दोन खाली आणि एक वर, एकमेकींना चिकटून. वाळूवर फरशा, फरशांवर धोक्याची पट्टी, मग माती. वाळू घट्ट बसते, केबलीची उष्णता ओढून मातीला देते. तापाच्या माणसाच्या कपाळावर ओली घडी ठेवतात, तसं. आणि माझ्या डोळ्यांसमोर तापाचा माणूस पाच गोधड्यांत गुंडाळून, खिडक्या लावून ठेवलेला होता. ओल्या डायपरमधून उष्णता किती वाहते, हे कुठल्याही तक्त्यात नाही. सुकल्यावर किती, हेही नाही.

"फोटोची जागा म्हणजे?" मी गड्याला विचारलं.

त्याने खुंटी दाखवली. चुन्याने रंगवलेली, ठसठशीत. दर शंभर मीटरला एक. खुंटीच्या अलीकडे दीड मीटर आणि पलीकडे दीड मीटर अशी सुरेख वाळू होती, पाटावर रांगोळी घालायला घ्यावी अशी. केबली तिथे सरळ सुतात, फरशा ओळीत. आणि तिथून पुढे, पुढच्या खुंटीपर्यंत, वरून चार बोटं वाळूची साय आणि खाली काय ते माझ्या हाताला लागलेलंच होतं.

हा शंभर मीटरचा नियम कुणाचा? माझा. मीच तो कामाच्या अटींत लिहिला होता: ठेकेदाराने दर शंभर मीटरला खंदकाचं छायाचित्र काढून डिझायनरकडे पाठवावं आणि त्याची मान्यता घ्यावी. वाचायला फार कडक वाटतं. लिहिण्याचं कारण असं की माझे गुडघे दुखतात आणि सड्यावर सावली नाही. दिवेआगरला घरच्या पडवीत चहा पीत बसायचं, फोनवर फोटो आला की दोन बोटांनी मोठा करून बघायचा आणि अंगठा पाठवायचा. इतके दिवस मी या कामावर अशी देखरेख केली. एकदा तर मी उलट लिहिलंही होतं, "तुझी वाळू बघून शिरा खावासा वाटतो." आता तो शिरा मला डायपर हातात धरून आठवत होता.

हे मी ज्याला लिहिलं तो ठेकेदार म्हणजे माझा मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात त्याची सुपारीची सगळी झाडं आडवी झाली. वर्षभर तो नुसता पडलेली खोडं तोडत होता. मग कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, पुढे भाड्याने खोदायचं यंत्र आणलं, आणि गटारं, पाण्याच्या पाइपांचे चर अशी कामं धरायला लागला. सड्यावरचं खोदकाम निघालं तेव्हा माझ्याच शब्दावर ते त्याला मिळालं. "घरचा माणूस आहे, काम चोख करील," असं मी कंपनीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. घरचा माणूस असणं आणि काम चोख करणं यांचा एकमेकांशी काय संबंध, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मी डायपर काठावर ठेवला आणि गड्याकडून फावडं घेतलं. मॅडम म्हणाल्या, "सर, राहू द्या ना." मी राहू दिलं नाही. दोन खुंट्यांच्या मध्ये तीन ठिकाणी उकरलं. वास येत होताच, आता तो उठून बसला. पाण्याच्या चेपलेल्या बाटल्या. कुरकुऱ्यांची पाकिटं. नारळपाण्याच्या नळ्या, शेकड्यांनी. कोळंबीची सालं, ज्यांच्यावर मुंग्यांनी मोठा संसार मांडला होता. हॉटेलात देतात तसल्या शांपूच्या पुड्या. एक चप्पल, डावी. आणि या सगळ्याच्या मधून माझी तेहतीस हजार व्होल्टची काळी केबल वळवळत गेलेली, एका ठिकाणी तर तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा खोका उपडा होता. क्रीम वाळून तिला चिकटलं होतं. गटारं साफ करणाऱ्या माणसांना मी पाहिलेलं आहे, ती माणसं इतकी तोंड वाकडी करत नाहीत. मी करत होतो.

तिसऱ्या खड्ड्यात फावड्याला प्लास्टिकमध्ये मढवलेला एक कागद लागला. पुसून बघितला. त्यावर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'पाहुण्यांस नम्र विनंती. कचरा डब्यातच टाकावा. त्यापुढची काळजी आमची.' अक्षर माझं होतं.

आता थोडं घरचं सांगायला हवं. वादळानंतर आमचीही नारळ-सुपारीची वाडी गेली. बायकोने हिंमत करून मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या, पर्यटकांसाठी. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी येतात, मासे खातात, समुद्रात डुंबतात आणि सोमवारी सकाळी कचरा ठेवून जातात. पूर्वी आमच्या वाडीच्या कोपऱ्यात एक खड्डा असायचा. झावळ्या, नारळाची सोडणं, भाजीचे देठ सगळं त्यात जायचं आणि पुढच्या वर्षी माडाच्या मुळाशी पडायचं. डायपर माडाच्या मुळाशी घालता येत नाही. सगळी आळीच खोल्यावाली झाली, तेव्हा लोक सड्यावरच्या रस्त्याच्या कडेला पिशव्या भिरकावू लागले. मग ग्रामपंचायतीने तिथे पाटी लावली, दंडाची. आळीतल्या बायका चिंतेत पडल्या. त्या वेळी हाच मेहुणा आमच्या अंगणात उभा राहून बायकोला म्हणाला होता, "ताई, तू न्हाय काळजी करू. दर सोमवारी माझा ट्रॅक्टर येल. सगल्यांचा उचलील."

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी ट्रॅक्टरचा भोंगा वाजायचा आणि आम्ही लगबगीने पिशव्या बाहेर आणून द्यायचो. कुणी त्याला चहा द्यायचं, कुणी ओल्या सुपाऱ्या. तो कचरा कुठे नेतो, हे आळीत एकाही माणसाने विचारलं नाही. आणि त्या आळीत पदवीधर इंजिनियर मी एकटाच. पवनचक्क्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा पेपरात 'स्वच्छ ऊर्जा' असा मथळा आला होता. मी तो कापून फ्रिजवर लावला होता. त्या फ्रिजशेजारची कचऱ्याची पिशवीसुद्धा दर सोमवारी त्याच ट्रॅक्टरने त्याच ऊर्जेखाली जात होती.

मॅडम चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. त्यांनी तो कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि अक्षर कुणाचं ते विचारलं नाही. मग ओढणीतूनच म्हणाल्या, "सर, एक करूया का? जेवढं उघडं आहे तेवढ्यात सहा इंच वाळू अजून टाकून घेऊ. आत्ताच फोटो काढू. बाकीचं तर बुजलेलंच आहे."

"आणि त्याच्याखाली?"

"खाली काय, कोण बघतंय? मंगळवारी वीज सोडायची आहे. मंडप घालायला माणसं आली पण."

खरंच आली होती. खालच्या उपकेंद्रापाशी लाल-पांढरा कापडी मंडप चढत होता. ज्यांच्या हस्ते कळ दाबली जाणार त्यांचे फोटो छापलेली फ्लेक्सं ट्रकमधून उतरत होती, आणि एका फ्लेक्सवर हिरव्या टेकडीवर हसणारी पवनचक्की होती, तिला चक्क डोळे काढले होते. मला त्या चक्कीचाही राग आला.

"मॅडम, तुम्ही तीन आठवडे इथे आहात. तुम्ही कधी दोन खुंट्यांच्या मधून चालत गेलात?"

त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगठ्यानंतर मी बघायचेच नाही सर. तुम्ही सीनियर."

याहून घाण गोष्ट त्या सकाळी मी ऐकली नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

तेवढ्यात मेहुणा मोटारसायकलवरून आला. कुणीतरी फोन केला असणार. पुढच्या हँडलला थंड पेयांच्या बाटल्यांची पिशवी लटकवलेली. उतरल्याउतरल्या त्याने एक बाटली मॅडमना दिली, एक मला पुढे केली. मी घेतली नाही. हाताला वास होता आणि हाताला वास आहे हे त्याला दिसावं असंही वाटत होतं.

"काय झालं भावोजी? सही झाली का?"

"हे काय आहे?"

त्याने खंदकात डोकावून बघितलं. त्याला आश्चर्य वाटलं नाही, निदान लाज वाटावी तर तीही आधी वाटली नाही. तो उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भावोजी, वाळू मिलते कुठं? नदीची बंद हाय. दगडाच्या क्रशची आणायची तर माणगावच्या पलीकडनं. दर शंभर मीटरला तीन मीटर घालायलाच माझी कमर मोडली. तुमी बघितलाव ना फोटो? तुमी हो म्हणालाव."

"मी फोटोला हो म्हटलं."

"मंग? मी फोटोपरमानंच केला."

अट मी लिहिलेली, ती त्याने अक्षरशः पाळली होती. मी म्हणालो, "अरे, केबल तापते. कचऱ्यात पोकळ्या राहणार, उष्णता बाहेर जाणार नाही. दोन वर्षं, तीन वर्षं काही होणार नाही. मग एखाद्या दिवशी आतल्या आत फुटेल. पाचव्या चक्कीच्या खाली हा चर गुरांच्या वाटेला लागून जातो, तुला ठाऊक आहे. तुझीच गुरं जातात."

"आमची गुरं कुठं राहिली आता? इकली नाय का वादलानंतर?"

"दुसऱ्याची जातात ना!"

तो बाटलीचं झाकण नखाने कुरतडायला लागला. मग एकदम वर बघून म्हणाला, "आणि कचरा कोणाचा हाय त्यात? माझा एकट्याचा? दर सोमवारी पिशवी हातात देताव तवा एकानं तरी इचारलाव, बाबा रे, तू नेतोस कुठं? तुमी तरी? शिकलेली मानसं तुमी. मी आनला, खड्ड्यात टाकला. तुमी मला दिलाव, म्हंजे तुमी कुठं टाकलाव?"

गडी हसला. मॅडमनी तोंड फिरवलं. मला मात्र आधी त्याचा संताप आला, मग त्याची किळस, आणि मग, सांगायला बरं वाटत नाही, पण ती किळस फिरून माझ्याच अंगावर आली आणि तिथेच बसली.

"भावोजी," तो आता विनवणीला आला, "हा काम गेला तर यंत्राचा भाडा आंगावर पडल. यानंतर कोन मला चर खनायला बोलवनार न्हाय. नाव एकदा गेला म्हंजे गेला. तुमी एक सही करा. पुढं काय झाला तर मी हाय. ताईची शपथ."

ताईची शपथ. म्हणजे माझ्या बायकोची. शपथ घेणारा तो, पणाला लागणारी ती, आणि सही माझी.

मॅडमनी कागद पुढे केला. त्यावर छापील मजकूर होता: खंदक व केबलीची मांडणी आराखड्याप्रमाणे असल्याचं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. खाली नाव, सही, तारीख. आणि अगदी तळाशी, कुणी कधीच वापरत नाही अशी दोन ओळींची जागा, 'शेरा'.

खोटं कशाला बोलू, माझं पेन बाहेर निघालं होतं. मनात हिशेब चालला होता. सही केली तर मेहुणा सुटतो. घरात शांतता राहते. मंगळवारी कळ दाबली जाते, टाळ्या होतात. केबल फुटली तर तोपर्यंत कदाचित मी या कामात नसेन, कदाचित तो नसेल. नाही केली तर सगळा चर उपसायचा. मेहुण्याचं नाव जातं. माझं तर आधी जातं, कारण चौकशी झाली की पहिला प्रश्न येणार, इतके फोटो मंजूर कोणी केले. आणि संध्याकाळी घरी जायचं असतं, तिथे त्याची बहीण असते.

मी वाचलं, 'प्रत्यक्ष पाहिलं आहे.' पुन्हा वाचलं. एवढे दिवस मी काहीच प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, आणि आज पाहिलं होतं तर हे. न पाहता अंगठा पाठवणारा मी बरा की पाहून सही करणारा, असला काही विचार केल्याचं मला आठवत नाही. मला फक्त शिसारी आली होती, त्या कागदाची, त्या गुळगुळीत छापील वाक्याची. सहीच्या जागी मी आडवी रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं: 'यापूर्वीचे सर्व फोटो मी घरी बसून मंजूर केले. खुंट्यांमधला खंदक आज पहिल्यांदा पाहिला. वाळूऐवजी कचरा आहे. पहिल्या चक्कीपासून सगळा उपसून पुन्हा भरावा. तोवर वीज सोडू नये.' त्याखाली सही केली. एवढ्या ओळी त्या जागेत मावत नव्हत्या, शेवटचं वाक्य कागदाच्या कडेने उभं लिहावं लागलं.

मॅडमनी वाचलं. "सर, हे वर पाठवलं तर तुमच्यावरही येईल."

"येऊ द्या."

"माझ्यावरही येईल."

"तुमचं नाव मी कुठे लिहिलंय?"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडून पेन घेऊन माझ्या सहीशेजारी आपली सही केली. त्यांच्या हाताला त्या पेनाची घाण लागली असेल. त्यांनी पुसली नाही.

मेहुण्याने मी न घेतलेली बाटली पिशवीत परत घातली, मोटारसायकल वळवली आणि माझ्याकडे न बघता गेला. पुढच्या वळणापर्यंत त्याची पाठ दिसत होती. लहान असताना तो आमच्या लग्नात माझे बूट लपवून असाच पळाला होता, तेव्हा पाठीमागून धावायला मजा आली होती.

घरी येईपर्यंत दुपार टळली होती. बायको मागच्या पडवीत सुपारी सोलत बसली होती. मी न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात घासला, साबणाने, मग चिंचेने, मग राखेने. बाहेर आलो. सुपारी सोलण्याची एक लय असते, ती तुटली नाही, म्हणजे भावाचा फोन येऊन गेलेला होता.

मी सगळं सांगितलं. डायपरपासून शेऱ्यापर्यंत. जिथे मी शहाणा दिसतो तिथे थोडं लांबवलं, आणि ते तिच्या लक्षात आलं. अंगठ्यांबद्दल सांगताना मात्र आवाज आपोआप बारीक झाला.

"रडत होता," ती म्हणाली. "फोनवर. पोरगं कधी रडत नाही ते. वाडी पडली तेव्हापण नाही रडलं."

"मग काय करायला हवं होतं मी?"

तिने एक सुपारी सोलली, दुसरी घेतली.

"त्यात आपला किती होता?" तिने विचारलं.

"कचरा? काय ठाऊक. सगळ्या आळीचा होता. आपली ती पाटी होती. नम्र विनंतीवाली."

"म्हणजे होता."

"होता."

ती उठली. पदर खोचला. चुलीवरचं भाताचं भांडं उतरवलं, फोन घेतला आणि अंगणात जाऊन भावाला लावला. मला फक्त तिचा आवाज ऐकू येत होता. ती त्याच्यावर ओरडली नाही, समजूतही घातली नाही. यंत्र कधीपर्यंत भाड्याने आहे, ते विचारलं. ट्रॅक्टरवर ताडपत्री आहे का, ते विचारलं. तालुक्याला कचऱ्याचं काय करतात ते उद्या ती स्वतः श्रीवर्धनला जाऊन विचारून येणार, असं सांगितलं. पलीकडून तो काहीतरी म्हणाला असावा, माझ्याबद्दलच, कारण ती म्हणाली, "त्यांचं मी बघते." मग फोन ठेवला.

मी पडवीत उभा होतो, माझं काय बघितलं जाणार याची वाट बघत. वाटलं, आता रात्रभर अबोला, नाहीतर माहेरच्या माणसांचा पाढा. दोन्हींची मला सवय आहे. ती आत आली, फोन फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी सातला तो येतोय तुम्हाला न्यायला. त्याने फसवलं, तुम्ही फसवून घेतलंत, दोघांनी खाली उतरायचं आणि दोघांनी उपसायचं, गडी नाही लावायचे पहिल्या शंभर मीटरला. आणि डबा मी एकच देणार आहे, मोठा. बोलत असाल नसाल, एकाच ठिकाणी बसून खायचा."